बिनमाशांचा टँक

शेषरावांना नेमकं काय झालंय हे अकोल्यातल्या एकाही नातेवाइकाला कळलं नव्हतं, पण औषध प्रत्येकाकडे होतं. कापसाच्या जिनिंगमधल्या मोटारी दुरुस्त करण्यात सारी नोकरी गेली. निवृत्त झाले आणि हळूहळू बोलायचेच बंद झाले. दुःख म्हणावं तर कारण नाही, आजार म्हणावा तर ताप नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पाण्याचा पेलासुद्धा बायकोनं, जयवंतानं, हातात दिला तर घ्यायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, "यांना एखाद्या जिवात गुंतवा." जयवंतानं मोगरा लावून पाहिला, तो वाळला. कुत्रं आणलं, ते शेजाऱ्यांकडेच रमलं. शेवटी तिनं मासे आणायचं ठरवलं.

"भाबी, घाई नोका करू," दुकानदार फुरकान म्हणाला. "पयले पानी तयार होऊ द्या. आन बोरचं पानी चुकूनही नोको. आपल्याकडचं खारं पानी, त्यात हे मासे जगत नाहीत."

म्हणजे नळाचं गोडं पाणी. ते येणार आठवड्यातून एकदा, त्यावर माणसांचंच भागेना. जयवंतानं आपल्या वाट्याचं वापरणं कमी केलं. वाळू तांदळासारखी धुतली. उघड्या बादल्यांत पाणी ठेवून त्यातल्या क्लोरीनचा वास जाऊ दिला, टँक भरला, हवेची मोटर लावली. मग फुरकाननं सांगितल्याप्रमाणे रोज माशांच्या खाद्याचे चिमूटभर दाणे त्या नुसत्या पाण्यात टाकू लागली. ते कुजले की डोळ्यांना न दिसणारे जंतू धरतात आणि पुढे माशांची घाण तेच निस्तरतात, असं तो म्हणाला होता.

थोरली नणंद चतुराबाई आली ती टँकसमोरच थबकली.

"काय वं जयवंते, कोनाले चारून राहिली? यात त काईच दिसत नाही."

"येनार हायेत, बाई."

"आन तवर? पान्याले भूक लागली काय? याचं पाहता पाहता तुयंही डोकं फिरलं वाटते."

जयवंता हसली. पलंगाकडे वळून म्हणाली, "तुमी बी हसा ना. बायको येडी झाली म्हना." पाठ हलली नाही.

टँक तिनं मुद्दाम त्याच भिंतीला लावला होता, शेषरावांच्या डोळ्यांपुढे. बुडबुड्यांच्या आवाजात ती विचारत राही, लाल आणू की काळे? नावं कोण ठेवणार? ते डोळे मिटून घेत.

पौर्णिमेला ती विहारात वंदनेला गेली. संध्याकाळी फुरकान मासे घेऊन येणार होता. परतली तर न्हाणीपासून पलंगापर्यंत फरशी ओली. टँक काठोकाठ भरलेला, वाळू ढवळलेली, मोटर बंद. आणि शेषराव पलंगावर बसलेले! बाह्या भिजलेल्या, धाप लागलेली. जयवंता हरखून गेली.

"तुमी भरलं? तुमी उठले?" म्हणत तिनं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.

"अहो, हे काय केलं? हे बोरचं हाये. तुमाले मालूम नाही?"

घरच्या त्या बोरवर मोटर त्यांनीच बसवलेली.

"मालूम हाये," शेषराव म्हणाले. कितीतरी महिन्यांनी निघालेला तो आवाज, गंजल्यासारखा. "गोडं पानी मीच फेकलं. मासे आनू नोको. तू विहारात जाशीन, अमरावतीले पोरीकडं जाशीन. माह्यानं उठनं होनार नाही. ते उपाशी मरतीन आन मले पाहत पडा लागीन."

म्हणजे इतके दिवस हा माणूस माशांचाच विचार करत पडला होता. ज्या काळजीसाठी तिनं हा सारा खटाटोप मांडला, ती त्यांच्या मनात उगवली होती. उगवली आणि त्या काळजीनंच हे केलं.

"मी चारीन ना त्याईले," ती म्हणाली. "तुमी नुसते पाहा."

"तुह्यानं एक मी सांभाळल्या जातो, तेवढा बस हाये," ते म्हणाले आणि आडवे झाले.

तिनं फुरकानला फोन लावला.

"आज नोको, भाई."

"पानी बिघडलं काय? होते असं. पुन्हा भरू, भाबी. तवर मासे मी ठेवतो."

"ठेवू नोका," ती म्हणाली. "कोनी मागितले त देऊन टाका."

टँक आता काढून ठेवायचा होता, पण भरलेला तो एकटीनं हलणारा नव्हता. तिनं न्हाणीतला मग आणला आणि पाणी उपसून बादलीत ओतू लागली. शेषरावांनी कूस बदलली. आता त्यांचं तोंड दाराकडे होतं, डोळे मात्र मिटलेलेच.