चार नंबरचं पोतं

सविताने डबा दोन्ही हातांत धरून शंभर वेळा खळखळ हलवला, झाकण काढलं आणि आतल्या कांड्या बारीक चाळणीवर ओतल्या. चाळणीखाली कागद पसरलेला होता. आधीच्या तीन खेपांना त्या कागदावर ओंजळभर भुगा पडला होता. या वेळी चिमूटभर धूळ पडली, तेवढीच.

"आत्या, बघा हो! चार नंबर फुटलाच नाही."

तिच्या सासूबाई, द्रौपदाबाई, खाटेवर पसरलेल्या लुगड्यावरून वाळलेल्या कुरडया सोडवीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"शेळीन्या लेंड्या त्या. फुटोत नहीतर ऱ्हावोत," त्या म्हणाल्या. पण हातातली कुरडई कटकन मोडली.

सोनगीरला हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये सविताने आणि बचत गटातल्या सात बायांनी मिळून ते यंत्र बसवलं होतं. कापूस वेचून झाला की शेतात उभी राहते ती पऱ्हाटी. एरवी ती जाळून टाकत. इथे ती दळून भुसा करायची आणि यंत्रात घालायची. साच्यातून शेव पडावी तशी बोटभर जाडीची कांडी बाहेर पडे. धुळ्याची एक डेअरी कोळशाऐवजी ती बॉयलरमध्ये घालायला तयार होती. अट एकच, कांडी वाटेत फुटून तिचा भुगा होता कामा नये. गुरुवारी डेअरीचे कुंदनभाऊ नमुना न्यायला येणार होते. नमुना टिकला तर यंत्र वर्षभर चालणार. नाही तर शेडला कुलूप, आणि बाया पुन्हा दुसऱ्यांच्या बांधावर.

सविताने वही उघडली. तिची वही मोठ्या शिस्तीची. एक नंबर, नुसता भुसा. दोन, मळी घालून. तीन, शंभर किलोला तीन किलो ज्वारीचं पीठ. चार, शंभर किलोला पाच.

"दोन किलो पिठानं एवढा फरक?" ती स्वतःशीच म्हणाली. तिला आनंदापेक्षा नवलच जास्त वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने त्याच मापाने नवी खेप काढली. तिचा भुगा झाला. तिने भुसा आणखी बारीक दळला, ओल मोजली, यंत्र जास्त तापू दिलं. पुन्हा भुगा. बुधवारी दुपारी ती वहीतल्या त्या एका ओळीवर बोट ठेवून बसली होती.

"त्या पोत्यात काहीतरी वेगळं होतं, आत्या. पण काय?"

द्रौपदाबाईंना ठाऊक होतं.

त्या दिवशी पोतं भरून ठेवून सविता फोनवर बोलत शेडबाहेर गेली होती. पिठाची पिशवी त्यात उलटून कालवायचं तिने सासूबाईंवर सोपवलं होतं. पांढरं स्वच्छ दादर ज्वारीचं पीठ. द्रौपदाबाईंनी ते चिमटीत घेऊन पाहिलं होतं आणि त्यांना बहात्तरच्या दुष्काळातली ती दुपार आठवली होती. त्या बारा वर्षांच्या होत्या. आईने कटोरा देऊन एका घरी पीठ उसनं मागायला धाडलं. त्या बाईने उंबऱ्याच्या आतूनच, हात उंच धरून मूठ सोडली. वारा सुटलेला. अर्धं पीठ कटोऱ्यात पडलं, अर्धं उडालं. उडालेलं त्यांनी धुळीसकट गोळा करून नेलं. ती भाकर दाताखाली कचकचत होती, पण कुणी तुकडाही टाकला नाही. त्यानंतर द्रौपदाबाई भांडं घेऊन कुणाच्या दारी गेल्या नाहीत. घरातली साखर संपली तर त्या चहा बिनसाखरेचा पीत.

पिशवी त्यांनी पदराआड घरी आणली होती. पण सुनेचं काम अडू नये, म्हणून कुरडयांसाठी वाटलेल्या गव्हाचा चोथा पाण्यात शिजवून त्याची खळ केली आणि भुशात कालवली. पातेल्याला एकदा वाळली की ती खळ राखेनेही निघत नाही, एवढंच त्यांचं शास्त्र.

"उद्या कुंदनभाऊंना कळवते, जमत नाही म्हणून," सविता म्हणाली आणि तिने वही मिटली.

द्रौपदाबाई उठल्या. आत जाऊन पिशवी घेऊन आल्या आणि काट्यावर ठेवली.

"हाई शे तुनं चार नंबर."

काट्यावर दीड किलो भरलं. सविताने पिशवीचं तोंड सोडून आत पाहिलं.

"आणि बाकीचं साडेतीन?"

"खादं. तू बी खादं. सोमवारे, भरीतना संगे. 'आज भाकर गोड शे' म्हणनी तू."

सविता रागावायला गेली आणि तिला हसूच फुटलं. मग तिने घाईघाईने वही उघडली.

"मग पोत्यात घातलंत काय?"

"खळ. चोथानी. पीठ आगमा घालानं मन व्हयनं नही, माय."

"पाणी किती? शिजवायचं किती वेळ?"

"किती म्हंजे? पळी उभी ऱ्हाई तवलोंग."

सविताने तेच लिहिलं, पळी उभी राहीपर्यंत. लिहिता लिहिता तिचे डोळे चमकले.

"म्हणजे सगळी गंमत शिजवण्यात आहे! मी पीठ कच्चं घालत होते. मग पीठच शिजवून घातलं तर…"

द्रौपदाबाई पिशवीचं तोंड घट्ट बांधत होत्या. सविताने वाक्य अर्ध्यावरच सोडलं. तिने पाच नंबरपुढे लिहिलं: चोथा.

"आपल्या घरात उरला आहे?"

"दोन तांबे."

"तेवढा उद्याच्या नमुन्याला होईल. पण पुढे?" सविता म्हणाली. "सध्या घरोघरी कुरडया चालल्यात. गोळा करून वाळवून ठेवला तर… मी फिरते चार घरं."

"तू चुल्हा पेटाड. तुले कोन देई? म्हशीन्या घमेलामा जास तो."

त्यांनी मोरीतली बादली घेतली, विसळली, आणि दारात क्षणभर थांबून डोक्यावरचा पदर नीट केला.

वच्छलाबाईंचं घर चार घरं सोडून. आतून कुरडईच्या चिकाचा आंबूस वाफारा येत होता. उंबऱ्याशी आल्यावर द्रौपदाबाईंचे पाय थांबले.

"कोन शे?" आतून आवाज आला. हात पुसत वच्छलाबाई बाहेर आल्या. "आवं, द्रौपदा अक्का! आन् बादली काब्र?"

"चोथा… देस का?"

"एवढंच? ले ना माय. म्हैस बी कटाळनी त्याले."

त्या घमेलं घेऊन आल्या. बाहेर चैत्राचा वारा सुटला होता. चोथा ओला होता, उडण्यासारखा नव्हता. तरी द्रौपदाबाईंनी वाऱ्याकडे पाठ केली आणि बादली दोन्ही हातांनी घट्ट धरली.