मटकीचा ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे, असे माझ्यासमोरच्या पाटीवर लिहिले आहे. 'जुना ढोल. देपालपूर. हात लावू नये.' पाटी लिहिणारा घाईत असावा. मला कसलीच घाई नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

माझे अंग आंब्याच्या लाकडाचे. देपालपुरला बाजारामागे ढोल मढवणाऱ्यांचे एक घर होते. तिथे मला आतून कोरले, दोन्ही तोंडांवर बकऱ्याचे कातडे चढवले आणि दोऱ्यांनी करकचून आवळले. माझ्या एका तोंडावर दांडी पडते, दुसऱ्यावर हाताचा पंजा. दांडीचे तोंड नुसते गरजते. खरे बोलते ते हाताचे.

मला घरी नेले जयसिंगरावांनी. त्यांचे आजोबा होळकरांच्या फौजेत शिलेदार आणि वडील तहसिलीत कारकून. जयसिंगरावांना ना घोड्याची आवड ना कागदांची. शिलेदाराच्या नातवाने ढोल बडवावा, हे भाऊबंदांना रुचले नाही. त्यांनी खूप नावे ठेवली. पण त्यांच्याच घरी लग्न निघाले की पहिले बोलावणे जयसिंगरावांना येई आणि तेही कुरकुर न करता मला गळ्यात अडकवून निघत.

माळव्यात ढोलावर एक ठेका वाजतो. त्याला मटकी म्हणतात. त्या ठेक्यावर बायका तोंडावर पदर ओढून नाचतात, त्या नाचालाही मटकीच म्हणतात. जयसिंगरावांच्या पत्नी सखुबाई शेजारणींकडून हा नाच शिकल्या होत्या. पाय जवळजवळ जागच्या जागी, बोलायचे ते हातांनी. ठेका जरा घसरला की त्या पदर चिमूटभर वर करून नवऱ्याकडे बघत. जयसिंगराव लगेच ताळ्यावर येत. ते माझे सुखाचे दिवस होते.

जयसिंगराव गेले आणि मी खुंटीवर गेलो. उंदीर माझ्या दोऱ्यांची चव घेऊ लागले. एव्हाना संस्थान जाऊन मध्यभारत झाला होता. इंदूरला तुकोगंजात अप्पासाहेब नावाचे एक गृहस्थ होते. पूर्वी दरबारात चाकरी केलेल्या घरांतल्या तलवारी, पगड्या, हुक्के आता अडगळीत पडणार, या काळजीने त्यांनी आपल्या बंगल्याच्या पुढच्या खोल्यांत एक लहानसे संग्रहालय थाटले होते. सखुबाईंनी मला त्यांच्या हवाली केले. देताना एकच अट घातली. वर्षातून एकदा तरी याला वाजवा, नाहीतर आवाज बसतो. अप्पासाहेब हो म्हणाले. मनापासून म्हणाले आणि मनापासून विसरले.

माझ्याभोवती दोरी बांधली गेली आणि समोर ती पाटी आली. लोक रविवारी येत, जांभया देत तलवारी बघत. माझ्यापाशी कुणी फारसे थांबत नसे. अप्पासाहेब रोज फडक्याने माझी धूळ पुसत. वाईट वागवले, असे मी म्हणणार नाही.

मग कुमुदिनी आली. ही शाळेत शिकवणारी, उत्साही मुलगी. तिने अप्पासाहेबांच्या मागे लागून संग्रहालयाच्या अंगणात गाण्यानाचाची एक संध्याकाळ ठरवली. इंदूरच्या आपल्या मराठी लोकांनी एकत्र यावे, आपले आणि माळव्याचे जे काही आहे ते बघावे, असा तिचा बेत. देपालपुरच्या एका लग्नात तिने सखुबाईंना नाचताना पाहिले होते. तिने निरोप धाडला. सखुबाईंनी उलट निरोप पाठवला की येते, पण आमच्याच ढोलावर.

आता घोटाळा कसा झाला तो ऐका. मला तो नंतर कळला. संग्रहालयात गप्पा ऐकण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. अप्पासाहेबांच्या पत्नी द्वारकाबाई यांच्याकडे फराळाचे काम होते. पोहे आणि मटकीची उसळ एवढ्या मंडळींना एकटीने कशी पुरवायची, या विवंचनेत त्या होत्या. कुमुदिनीने जाता जाता दारातून त्यांना सांगितले, की देपालपुरच्या सखुबाई मटकीसाठी येणार आहेत, त्यांना काय हवे-नको ते बघा. द्वारकाबाईंना वाटले, देवच पावला.

सखुबाई दुपारी आल्या. ठेवणीतले जांभळे लुगडे, नाकात नथ. द्वारकाबाईंनी त्यांना पूर्वी पाहिले नव्हते. त्यांनी हात धरून सखुबाईंना थेट स्वयंपाकघरात नेले आणि मोड आलेल्या मटकीचे पातेले पुढे केले. सखुबाईंच्या घरी मराठीही बोलत आणि माळवीही, तेव्हा दोन्ही मटक्या त्यांना ठाऊक. काय झाले ते त्यांना तिथल्या तिथे कळले. पण त्या बाईने इतक्या विश्वासाने पातेले पुढे केले, तिला नाही कसे म्हणायचे, असा विचार करून त्यांनी पदर खोचला आणि फोडणी टाकली.

इकडे माझ्यापाशी त्यांच्याबरोबर आलेले त्यांचे दीर कृष्णराव उभे होते. जयसिंगरावांच्या मागे घरात ढोल वाजवणारे तेच राहिले होते. मला उन्हात नेऊन कातडे तापवायचे, म्हणून ते दोरीला हात घालणार, तोच अप्पासाहेबांनी त्यांना अडवले.

"कृष्णराव, कातडं सुकलंय. वाजवलंत तर फाटेल, आणि फाटलं की नमुना गेला. तबला मागवलाय, त्यावर करा."

"तबल्यावर मटकी होत नाही साहेब. आणि ढोल तर मी दुसरा पण आणला असता. वहिनीला हाच पाहिजे. तिचे घुटने जबाब देऊन राहिले आहेत. दादाच्या ढोलावर एक बार नाचू दे, मग सोडलं, असं म्हणते ती."

अप्पासाहेबांनी मान हलवली. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. माझे कातडे किती सुकले होते, ते माझ्याइतके कुणाला माहीत? आणि तरीही मला वाजायचे होते. फार वाजायचे होते.

संध्याकाळी अंगणात, माझ्या खोलीच्या दारासमोरच, जाजमे पसरली. भजने झाली, एकाने सतार वाजवली, मुलींनी टिपऱ्या खेळल्या. कार्यक्रम जरा लांबलाच. लोकांना स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येऊ लागला होता. तेवढ्यात कुमुदिनी उठली आणि म्हणाली, की आता देपालपुरच्या सखुबाई मटकी सादर करतील.

पहिल्या रांगेत दत्तोपंत होते. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पोटाने अधीर गृहस्थ. ते लगबगीने उठले आणि इथेच वाढणार की पंगत बसायची, असे त्यांनी विचारले. त्यांना उठलेले पाहून मागच्या दोन रांगा उठल्या. त्याच वेळी द्वारकाबाई वाफाळते पातेले घेऊन बाहेर आल्या. मागोमाग पदर खोचलेल्या, हळदीने बोटे पिवळी झालेल्या सखुबाई. कुमुदिनीने त्यांना पाहिले आणि तिचा चेहराच उतरला. तिने खरा प्रकार सांगितला तेव्हा अंगणात हशा पिकला. द्वारकाबाईंना कुठे तोंड लपवावे ते कळेना.

सखुबाई हसल्या नाहीत आणि रुसल्याही नाहीत. त्यांनी हात पुसले आणि त्या अप्पासाहेबांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अप्पासाहेब, मटकी दोन तऱ्हेची असते. एक मी रांधून दिली. दुसरी करायला मी आली होती, ती या ढोलाबगैर होत नाही. सालातून एकदा वाजवू म्हणून तुम्ही कबूल केलं होतं न?"

हसणे थांबले. अप्पासाहेबांनी पत्नीकडे पाहिले. तिची मान खाली होती. मग ते माझ्यापाशी आले आणि दोरी त्यांनी स्वतः सोडली.

ऊन केव्हाच गेले होते. कृष्णरावांनी उसळीच्या शेगडीवरच मला शेकले. मग दांडी पडली, पंजा पडला आणि मी बोललो. इतक्या वर्षांनी आपलाच आवाज ऐकून मी जरा गडबडलो. सखुबाईंनी पदर ओढून घेतला. गुडघे साथ देत नव्हते, म्हणून पाय थोडेच हलत होते. हात मात्र पूर्वीचेच. दत्तोपंतसुद्धा उसळ विसरून बघत होते.

नाच थोडा बाकी असताना माझे हाताचे तोंड फाटले. आवाज सगळ्यांनी ऐकला. कृष्णरावांचा पंजा वरच्या वर राहिला. पण सखुबाई थांबल्या नाहीत, म्हणून त्यांनीही दांडीच्या एकाच तोंडावर ठेका पुढे रेटला आणि नाच पुरा झाला.

अप्पासाहेब रागावले नाहीत. ते म्हणाले, की नवे कातडे चढवून घेऊ, दर वर्षी वाजवू, आणि हे जुने संग्रहालयात जपून ठेवू.

"ते मला द्या," सखुबाई म्हणाल्या. "त्याच्यावर त्यांचा हात आहे."

अप्पासाहेब खाली वाकले. कातड्याच्या मधोमध पंजाएवढी जागा काळपट आणि गुळगुळीत झाली होती. रोज धूळ पुसूनही ती त्यांना कधी दिसली नव्हती. त्यांनी ते कातडे सोडवून सखुबाईंच्या ओंजळीत ठेवले.

आता माझ्यावर नवे कातडे आहे. कृष्णराव दर वर्षी येऊन मला वाजवतात. आवाज चांगला आहे, पण तो माझा नाही, हे तुम्हांला सांगून टाकतो. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण ती वस्तू ज्याच्या हाताची, त्याला तिच्यापासून दोरी बांधून लांब ठेवू नका. वस्तू पुष्कळ टिकतात, हात तेवढे टिकत नाहीत.

सखुबाई पुन्हा इंदूरला आल्या नाहीत. कृष्णराव सांगतात, की कधी कधी त्या पेटी उघडून ते कातडे मांडीवर घेतात आणि त्या काळ्या जागेवर आपला पंजा ठेवतात. त्यांचा पंजा लहान आहे. भोवती जयसिंगरावांचा हात उरतोच.