वन्संच्या बोटांतली उष्णता

दवाखान्याचा नोंदणी विभाग, म्हणजे आठ कारकून आणि नवव्या माझ्या वन्सं, डोळे मिटून बाहेर बोळात उभा होता. सगळे कॉम्प्युटर बंद. रांगेतले पेशंटही कुतूहलानं माना उंचावून बघत होते. आत सामानखोलीत, कागदाच्या गठ्ठ्यांशेजारी ठेवलेल्या सर्व्हरवर, म्हणजे मुख्य यंत्रावर, बाहेरून दुरुस्तीला बोलावलेल्या स्पर्शसाहेबांनी तळवा टेकवला होता.

"यंत्र दमलंय. त्याला श्वास घेऊ द्या," ते घुमले.

दहा मिनिटांनी कॉम्प्युटर सुरू झाले आणि वन्संच्या टेबलावर सकाळपासून अडलेले केसपेपर भराभर निघू लागले. अधीक्षकांनी हात जोडले. सामानखोलीची किल्ली माझ्याकडे, म्हणून मला हा चमत्कार दर चार दिवसांनी जवळून पाहायला मिळे. माझ्या लक्षात राहिली ती एकच गोष्ट: तळवा टेकवताना साहेब दुसऱ्या हातानं मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर बघत.

जाताना उपदेश ठरलेला. "यंत्र रात्री झोपवायचं नाही. उघडलेली विंडो मिटायची नाही, तिला दुखवू नका. रोज सकाळी नवी उघडा."

सगळे हे काटेकोर पाळत. वन्सं सोडून. त्यांचा जन्म रिकाम्या खोलीतले दिवे मालवण्यात गेलेला. संध्याकाळी त्या कॉम्प्युटर बंद करून, वर रुमालानं पुसून निघत.

आणि नेमकं वन्संचंच अडे. साहेब येऊन गेले की दोन दिवस बरे. तिसऱ्या दिवसापासून त्या, बाकीच्यांच्या नंतर, दहाच्या पाळीला आल्या की पडद्यावर अक्षरं: 'नाव किंवा पासवर्ड चुकीचा.' त्यांनी पासवर्ड पाच वेळा बदलून घेतला, तळहातावर लिहिला, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत दाबलं. रांगेतले लोक हसले.

साहेबांनी निदान केलं. "यांच्या बोटांत उष्णता आहे. यंत्र यांना स्वीकारत नाही."

त्याच संध्याकाळी अधीक्षकांनी वन्संच्या हाती पत्र दिलं: कामास अयोग्य, महिनाअखेर सेवा समाप्त.

घरी वन्संनी पोळपाट बाजूला सारला. "वहिनी, तूच लाट आज. माझ्या हातांचा काही भरवसा नाही."

भावाला शिकवण्यासाठी स्वतःची शाळा सोडलेली ही बाई. त्याच हातांनी तिनं माझी दोन बाळंतपणं काढली होती. माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी सामानखोलीत बसले. सर्व्हरच्या पडद्यावर बारीक इंग्रजी ओळी सरकत असतात. आजवर त्यांच्याकडे पाठ करून मी वह्या मोजत आले. यंत्र आपली डायरी लिहितं म्हणे. नातीची डिक्शनरी मांडीवर घेतली. तिसऱ्या दिवशी दहा वाजता वन्संना नकार मिळाला आणि इथे एक ओळ उमटली. अर्धा तास लावून वाचली. पासवर्डचा त्यात उल्लेखच नव्हता. 'जोडण्या वीस. वीसही भरलेल्या. नवीन घेता येत नाही.'

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं आळस केला होता. आत जागा नसो की पासवर्ड चुको, पडद्यावर संदेश एकच.

मग बोटांवर हिशेब मांडला. उघडी विंडो एक जोडणी अडवते. आठ जण रोज नवी उघडणार, जुनी मिटणार नाहीत: पहिल्या दिवशी आठ, दुसऱ्या दिवशी सोळा, तिसऱ्या दिवशी वीसची मर्यादा खलास. बाकीच्यांचं कालच्या विंडोवर भागतं. जिनं काल नीट बंद केलं, तीच बाहेर.

चौथ्या दिवशी साहेब आले. बोळाकडे निघालेल्यांना मी थांबवलं.

"साहेब, आधी वन्संच्या जागेवर बसा. तुमच्याच नावानं आत जाऊन दाखवा."

"त्यात काय मोठं?" म्हणत साहेबांनी बोटं फिरवली.

'नाव किंवा पासवर्ड चुकीचा.'

पुन्हा फिरवली. तेच.

"उष्णता तर नव्हे ना?" रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं.

मी आठही जणांना म्हटलं, "एक विंडो ठेवा, बाकीच्या मिटा." चष्मेवाल्या कारकुनानं माऊसवरचा हात काढून घेतला. "यंत्र दुखावलं तर?" "माझ्यावर ढकला," मी म्हटलं. विंडो मिटल्या. वन्संनी तोच पासवर्ड दाबला आणि आत गेल्या. सर्व्हरला कुणी हात लावला नव्हता.

"तुम्ही सगळ्यांची यंत्रं बंद करायला लावत होता, म्हणून जागा मोकळ्या होत होत्या. आणि तुमच्याच उपदेशानं परत भरत होत्या. हे ठाऊक होतं तुम्हाला?"

साहेबांनी घसा साफ केला. "ज्ञान उघडं केलं की त्याचं तेज जातं."

"तेज नाही, काम जातं. तुमचं."

बाबांनो, यंत्राला राग नसतो, लोभ नसतो, कुणाची बोटं त्याला वर्ज्य नसतात. ते अडलं तर का अडलं ते कुठेतरी लिहून ठेवतं. तिथवर जा, वाचा, कळेना तर कुणाला विचारा, आणि मग करून पाहा. त्याआधी माणसाला बोल लावू नका. डोळे मिटून बोळात उभं राहणं सोपं असतं, पण त्यात कुणाची तरी भाकरी जाते.

अधीक्षकांनी ओशाळून पत्र परत मागितलं.

"देते की," वन्सं पुढचा केसपेपर काढत म्हणाल्या. "पण आधी लेखी द्या, माझी बोटं चांगली आहेत म्हणून. सही-शिक्क्यासह."

तो कागद आता नोंदणी विभागाच्या भिंतीवर आहे. संध्याकाळी सगळे कॉम्प्युटर बंद करून त्याखालून घरी जातात.