चांगल्या डोळ्यावरची पट्टी

एवढे महिने पट्टी लावूनही माझ्या लेकीच्या, स्वीटीच्या डाव्या डोळ्याची नजर तसूभर सुधारली नव्हती. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाई मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, पट्टी रोज लावता ना? मी चिडले. रोज कामाला निघण्याआधी मी स्वतःच्या हातानं तिच्या चांगल्या, उजव्या डोळ्यावर पट्टी चिकटवत होते. तेवढ्यात पोरगी सहज बोलून गेली, "आई गेली का आबाजी इकडची काढून तिकडं लावून देते."



डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मेंदूत काही पेशी लगाम धरून बसलेल्या असतात. अधू डोळ्याकडून आलेलं धूसर चित्र त्या दाबून टाकतात. जसा अनुभव मिळतो, तशा त्यांच्या फांद्या वाढतात नाहीतर आखडतात. चांगला डोळा झाकून अधू डोळ्याला राबवलं, तर लगाम सैल होतो. आम्ही नेमका अधूच झाकून ठेवला होता. आणि वय वाढेल तशी ही ठेवण पक्की होत जाते, मग ती बदलणं फार अवघड. स्वीटीला सात वर्षं पूर्ण होत आली होती.

बसनं आम्ही आमच्या गावी, आंजीला परतलो. घरात पाय टाकताच सासऱ्यांना विचारलं, "मामाजी, पट्टी काऊन बदलवली?"

ते गडबडले. जन्म बैलांमागं गेलेला माणूस. "लंगड्या बैलाले कोणी जुंपते का? आराम भेटला का बरा होते तो. मी डोयाले आराम देल्ला."

डॉक्टरीणबाईंचं सगळं म्हणणं मी त्यांना ऐकवलं आणि वर नको नको ते बोलले. नातीला आंधळी करायला निघालात, असंही बोलले. त्यांनी मान वर केली नाही. मला जराही दया आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलेच नाही. माझा विश्वासच उडाला होता. पण पट्टी मामाजींनीच मागून घेतली आणि उजव्या डोळ्यावर चिकटवली. स्वीटी रडायला लागली, "आबाजी, मले दिसत नाई. काढून दे ना." पट्टी ओरबाडायला गेलेले तिचे हात त्यांनी धरले. मग तिच्यासमोर दोन बोटं उभी केली आणि किती ते विचारलं. ती चार म्हणाली, मग अंदाजानं पाच. मी दारात उभी होते. आता हे विरघळणार, याची मला खात्री होती.

"पुन्हा पाह्य, किती हायेत," ते म्हणाले. आवाज ठाम होता. डोळ्यांतून मात्र धार लागली होती, आणि ती ते पुसत नव्हते. उघड्या, अधू डोळ्यानं स्वीटीला ती धार दिसत नव्हती.