पाच ताऱ्यांचं तळं

माझ्या लेकीनं होणाऱ्या सासरी सांगून ठेवलं होतं, की मी जलव्यवस्थापनात आहे. अगदीच खोटं म्हणता येणार नाही. पाणी असतं आणि त्याचं काहीतरी करावंही लागतं. कुठलं पाणी, ते तिनं सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. मी सेप्टिक टँक उपसतो. सव्वीस वर्षं हेच करतोय, आणि या गावात असं एकही मोठं घर नाही ज्याचं पोट मी आतून पाहिलेलं नाही.

"बाबा, ही सुट्टी तेवढी नीट होऊन जाऊ दे," ती मला म्हणाली होती. "नंतर मी स्वतः त्यांना सगळं सांगते. तोवर प्लीज." लेकीनं प्लीज म्हटलं, की माझ्या तोंडाला आपोआप कुलूप लागतं. मी शब्द दिला. आता आमच्या हिचं म्हणणं असं, की मी गप्प बसण्याचा शब्द देणं म्हणजे मांजरानं दुधाकडे न बघण्याचा शब्द देणं. पण दिला खरा.

सुट्टीची कल्पना विहीणबाईंची. लग्नाआधी दोन्ही घरांनी तळ्याकाठी चार दिवस एकत्र राहावं, म्हणजे एकमेकांची ओळख होईल. हा नियम सगळीकडे लागू केला तर जगातली निम्मी लग्नं मोडतील, असं माझं मत होतं. ते मला कुणी विचारलं नाही.

तर जागा निवडायला ही मंडळी रविवारी दुपारी आमच्याकडे आली. विहीणबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. व्याही कॉलेजात इतिहास शिकवायचे. जावई चष्म्याच्या दुकानाचा मालक, पोरगा गुणी, फक्त गाडी मागे घेताना आमच्या फाटकाचा खांब त्याला कधीच दिसत नाही. हिनं दोन दिवस घर घासून काढलं होतं. माझे गमबूट माळ्यावर गेले होते. मी इस्त्रीचा शर्ट घालून, मूग गिळून, सोफ्याच्या कडेला बसलो होतो.

जावयानं लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि मोठ्या पडद्यावर तळं उघडलं. लगेच तीन माणसांची चार मतं झाली.

व्याह्यांना तंबू हवा होता. "मातीशी नातं जोडायला हवं माणसानं," ते म्हणाले. आमच्या सोफ्यावरून उठायला त्यांना दोन हात आणि बायकोचा खांदा लागतो. मातीनं एकदा धरलं असतं तर सोडवून आणायला क्रेन बोलवावी लागली असती. जावयाला कॅराव्हॅन हवी होती. चाकांवरचं घर, वाटेल तिथे उभं करा! मी खिडकीतून आमच्या फाटकाच्या खांबाकडे पाहिलं आणि कॉफी प्यायलो.

विहीणबाईंना लाकडी केबिन हवी होती. आतच बाथरूम, गरम पाणी, आणि पोहायला केबिनसमोर धक्का. कारण त्यांच्या लेकीची चार वर्षांची मुलगी बरोबर येणार होती. "नुकतीच पोहायला शिकलीय," त्या कौतुकानं म्हणाल्या. "एकदा पाण्यात उतरली की बाहेर यायचं नाव नाही. अर्धं तळं पिऊनच येते बाहेर."

आता त्या तळ्याभोवती राहायच्या अकरा जागा आहेत, आणि मी त्या अकराच्या अकरा पाहिल्यात. मागच्या फाटकातून. पुढच्या फाटकातून येणाऱ्यांना सूर्यास्त दिसतो, मला झाकण दिसतं. सूर्यास्त सगळीकडे एकच असतो. झाकणाखाली मात्र मालकाचा खरा स्वभाव असतो.

पहिली जागा आली कॅराव्हॅनवाल्यांची. फोटोत हिरवळीवर मांडलेली टेबलं, त्यावर न्याहारी, हसणारं कुटुंब. त्या टेबलांपासून बारा पावलांवर चाळीस गाड्या सकाळी रांगेनं आपापल्या संडासाच्या टाक्या रिकाम्या करतात, हे फोटोत नव्हतं. ते कुटुंब कसं हसतंय, याचंच मला नवल वाटलं. मी खोकलो. लेकीनं डोळे वटारले. सुदैवानं विहीणबाई म्हणाल्या, "मी बसमध्ये झोपणार नाही," आणि ती जागा बाद झाली.

दुसरी व्याह्यांनी काढली. पडद्यावर एक काळपट फोटो आला, त्याचा एक कोपरा चक्क फोटो काढणाऱ्याच्या अंगठ्यानं झाकलेला. ही जागा मला पाठ आहे. चालवणारी एक सत्तरीची बाई. खाली तंबूंची जागा, वर चार जुन्या केबिनी. ती टाकी भरो न भरो, दर सहा महिन्यांनी मला बोलावते, आणि झाकण उघडलं की स्वतः टॉर्च घेऊन आत वाकून बघते. "कुठे चीर नाही ना गेली?" सव्वीस वर्षांत दुसऱ्या कुठल्या मालकानं आत वाकून पाहिलेलं मला आठवत नाही. बाकीचे नाकाला रुमाल लावून चाळीस फुटांवरून 'झालं का?' विचारतात.

"ज्यांना फोटो काढता येत नाही, ते पाहुण्यांकडे काय बघणार?" विहीणबाई म्हणाल्या. अंगठा बाद.

आणि मग ती आली. पाण्यावर ओणवलेल्या बावीस केबिनी, दिव्यांच्या माळा, तळ्यात घुसलेला लांबलचक धक्का. सगळ्यांच्या तोंडून एकदमच "अहाहा!" निघालं. मी कप खाली ठेवला.

"चार पूर्णांक नऊ तारे!" जावई म्हणाला आणि लोकांनी लिहिलेलं मोठ्यानं वाचू लागला. "पाणी छान कोमट आणि हिरवंगार. धक्क्याजवळची झाडं तर इतकी टवटवीत, की काय खत घालतात ते विचारून घ्यायला हवं होतं."

मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्या जागेची टाकी आठ केबिनींसाठी बांधलेली आहे. केबिनी झाल्या बावीस, टाकी तेवढीच राहिली. मालक मला दोन वर्षांतून एकदा बोलवायचा. दुसऱ्या खेपेला मी पाहिलं, तर टाकीच्या वरच्या अंगाला नवा कोरा पाइप, गवताखालून थेट धक्क्याकडे गेलेला. मी विचारलं तर म्हणतो, "अहो, तळं केवढं मोठं आहे!" त्या दिवसापासून मी तिथे पाऊल टाकलं नाही. सरकारी कचेरीत तक्रार केली. तपासायला साहेब आला, दोन रात्री केबिनीत राहिला आणि जाताना पाच तारे देऊन गेला. त्या चार पूर्णांक नऊमध्ये त्याचाही हातभार आहे.

हे सगळं माझ्या जिभेच्या टोकाशी आलं होतं. मी ती चावली आणि दुसरीकडून शिरायला बघितलं.

"तिथे डास फार असतात म्हणे," मी म्हणालो.

जावयानं लगेच फोन पाहिला. "नाही काका. डासांबद्दल एकही तक्रार नाही."

"रस्ता खराब आहे."

"मागच्या वर्षीच नवा केलाय."

"माझा एक मित्र गेला होता, त्याचं पोट बिघडलं."

"काय खाल्लं होतं त्यांनी?" विहीणबाईंनी विचारलं. आता काय सांगू? टेबलाखालून लेकीची लाथ माझ्या नडगीवर बसली. नेम पहिल्यापासून चांगला आहे तिचा. आमची ही आतून बिस्किटं आणते म्हणाली, आणि समोर तीन बशा भरलेल्या असताना उठून गेली आणि तशीच परत आली.

"मग ठरलं," विहीणबाई म्हणाल्या. "धक्क्यासमोरच्याच दोन केबिनी घेऊ. मी पोरीला घेऊन सकाळपासून पाण्यातच बसते." त्यांनी चष्मा सारखा केला, लॅपटॉप पुढे ओढला आणि नावं भरायला सुरुवात केली. त्या एकेक अक्षर दाबून, परत वाचून, मग पुढचं दाबतात. मी बघत राहिलो. आमच्या लेकीचं नाव आलं. त्या नातीचं आलं, वय चार. लेक माझ्याकडे बघत होती, आणि तिची नजर काय म्हणत होती ते मला समजत होतं. शब्द दिलाय तुम्ही, बाबा. बोललो असतो तर तिची त्या घरात जायच्या आधीच शोभा झाली असती. आणि गप्प बसलो असतो तर त्या पोरीनं माझ्यासमोर अर्धं तळं प्यायलं असतं.

"त्या पाण्यात पोरीला उतरवू नका," मी म्हणालो.

विहीणबाईंचं बोट हवेतच थांबलं. "का?"

"घाण आहे ते. केबिनींची टाकी भरली, की पाइपानं धक्क्याखाली सोडतात."

"हेही मित्रानंच सांगितलं का, काका?" जावई हसून म्हणाला.

"मित्र नाही. मी स्वतः ती टाकी उपसलीय. दोनदा. पाइप माझ्या डोळ्यांनी पाहिलाय."

"उपसलीय म्हणजे?" व्याही म्हणाले.

"म्हणजे टँकर लावून, आत पाइप सोडून, सगळं खेचून बाहेर काढलंय. माझा तोच धंदा आहे. जलव्यवस्थापन म्हणतात ते हेच. आधीच सांगायला हवं होतं. माफ करा."

टीव्हीवर दिव्यांच्या माळा लुकलुकत होत्या. लेक उठली, सगळ्यांचे कप गोळा केले, त्यातले दोन अर्धे भरलेले होते, आणि आत निघून गेली. जावई आधी तिच्याकडे, मग आईकडे बघत राहिला. आमच्या हिनं डोळे मिटून घेतले होते.

"दोनदा म्हणजे कधी आणि कधी?" विहीणबाईंनी विचारलं.

मला शाळेतल्यासारखं उभं राहावंसं वाटलं. मी सांगितलं. पाइप केवढा, कुठून कुठे गेलाय, तक्रार कधी केली, साहेब किती रात्री राहिला, सगळं. त्यांनी मध्ये एकदाच 'शी!' केलं, आणि ते साहेबासाठी होतं असं मी धरून चाललो.

"तुम्ही लोकांनी आमच्यापासून हे लपवलंत," त्या शेवटी म्हणाल्या. "मला ते आवडलेलं नाही. त्याचं आपण नंतर बघू. आधी मला सांगा, तुमची नात असती तर तुम्ही कुठे नेली असती?"

"अंगठ्याकडे," मी म्हणालो.

त्यांनी तो काळपट फोटो परत काढला आणि तोंड वाकडं करून चारही केबिनींची माहिती वाचायला घेतली. मी स्वयंपाकघरात गेलो.

लेक ओट्यापाशी उभी होती. कप कधीच धुऊन झाले होते, तरी नळ चालू होता. मी नळ बंद केला.

"मी शब्द मोडला," मी म्हणालो. "पण त्या पोरीनं पाणी प्यायलं असतं गं."

"त्याचं काही नाही, बाबा. मीही बोललेच असते." तिनं हात पुसले. डोळे लाल होते आणि चांगलीच चिडलेली होती. "पण तुम्ही शेवटी माफ करा का म्हणालात?"

"म्हणजे? लपवलं म्हणून."

"लपवलं मी. तुम्ही कशाची माफी मागितलीत?"

मी बंद केलेला नळ उगाच आणखी घट्ट पिळला.

"शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय असायचा," ती म्हणाली. "तुम्ही दर वर्षी तिथे 'वाहतूक' लिहायचात. टँकर दोन गल्ल्या पलीकडे उभा करून, अंघोळ करून, कपडे बदलून घरी यायचात. आपल्याकडे कुणी आलं की गमबूट माळ्यावर. आजही आहेत. मला वाटलं, हे असंच सांगायचं असतं."

मी ओट्याला टेकून उभा राहिलो. भरलेल्या टाकीत कमरेएवढा उतरलोय मी, झाकणं उघडताना लोकांनी खिडक्या आपटून घेतलेल्या बघितल्यात, मला कधी लाज वाटली नव्हती. निदान मी तसं समजत होतो. आता वाटली, आणि ती भलत्याच गोष्टीची होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो ढकलला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

"अहो, ऐकलंत का?" बाहेरून व्याह्यांचा आवाज आला. इतिहासाचा माणूस, त्याला आता राहवत नव्हतं. "हा टँकर केवढा असतो हो?"

मी घसा साफ केला. 'असतो आपला छोटासा' असं काहीतरी म्हणणार होतो. पण लेक मला ओलांडून दारात जाऊन उभी राहिली.

"दोन आहेत," ती म्हणाली. आवाज जरा कापत होता, पण पार फाटकापर्यंत गेला असेल. "एक सहा हजार लिटरचा, एक दहा. दहावाला नवीन आहे. बाबा स्वतः चालवतात तो. पाइप साठ मीटर. घर रस्त्यापासून आत असलं तरी पोचतो."

पाइप साठ मीटरचा आहे हे तिला कुणी सांगितलं, मला माहीत नाही. मी तिला टँकरच्या जवळपास कधी येऊ दिलं नव्हतं.