चाळिसावा सामना

खांबाने आयुष्यात एकही करार स्वतः वाचला नव्हता. घरात शिकलेला मेहुणा असताना आपण डोळे कशाला फोडायचे, असं त्याचं म्हणणं. हा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, खांब ज्या बास्केटबॉल संघात खेळायचा त्याच संघाचा सहायक प्रशिक्षक होता. मुख्य प्रशिक्षकांना सगळे थोरले सर म्हणत, म्हणून हे आपोआप धाकटे सर झाले. छत्तिशी उलटली, डोक्यावरचे केस मोजण्याइतके उरले, तरी हुद्दा धाकटाच. अकरा वर्षं दुसऱ्याच्या खुर्चीशेजारी उभं राहायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

खांब संघातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात जुना खेळाडू. वय एकोणचाळीस, गुडघे साठीचे. बास्केटखाली उभा राहिला की समोरच्या पोरांना वळसा घालूनच जावं लागे, म्हणून खांब. त्याच्या यंदाच्या करारात एक कलम होतं. बावन्न सामन्यांच्या हंगामात तो चाळीस सामने खेळला, तर करार आपोआप आणखी एक वर्ष वाढणार होता. ते वर्ष मिळालं की क्लबमधले त्याचे दहा हंगाम पुरे होणार होते. आणि क्लबचा जुना नियम असा, की ज्याचे दहा हंगाम पुरे झाले त्याला क्लबच्या तालीमशाळेत पोरांना शिकवायची कायमची नोकरी, आणि क्लबने दिलेलं राहतं घर तसंच राहायला. नऊ हंगाम झाले तर एक पितळी ढाल आणि चार ओळींचं भाषण.

धाकट्या सरांनी करार वाचून दाखवला होता. 'खेळला म्हणजे घड्याळ चालू असताना मैदानावर असला' ही ओळही त्यांनी वाचली होती. तिच्यावर खांबाने भलीमोठी जांभई दिली.

"मेहुण्या, चाळीस ना? मग दाखव सही कुठे करायची."

हंगाम वाईट गेला. पहिल्या सातपैकी सहा सामने गेले आणि मग संघ जो तळाशी बसला तो वर यायचं नावच घेईना. थोरले सर दर सामन्यात ओरडून ओरडून घसा बसवून घेत. त्यांची एक पद्धत होती. डावपेच त्यांचे, पण कोण कधी उतरणार, कोण कधी बसणार हे सगळं धाकट्या सरांच्या हातातल्या पुठ्ठ्यावर. सामना सुरू झाला की थोरल्या सरांना मैदानाखेरीज काही दिसत नसे. ते नुसता हात मागे करत, आणि धाकटे सर ज्याच्या पाठीवर थाप मारतील तो खेळाडू उठत असे. म्हणजे नाव थोरल्यांचं, थाप धाकट्यांची. भाऊजी चाळीस सामन्यांना पोचणार की नाही, हे या थापेवर होतं.

अधेमधे गुडघा सुजला म्हणून खांबाचे काही सामने बुडाले, तरी सत्तेचाळीस सामने झाले तेव्हा त्याचे एकोणचाळीस झाले होते. पाच सामने उरले, त्यातला एक हवा. ताईने, म्हणजे धाकट्या सरांच्या बहिणीने, त्या संध्याकाळी भावाला जेवायला बोलावलं. भाची मामाच्या गळ्यात पडून नाचली. खांब म्हणाला, "घोडं गंगेत न्हालं रे! आता एक सामना तर मी झोपेतही खेळेन."

दुसऱ्याच दिवशी मॅनेजरने धाकट्या सरांना केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजर गोड बोलणारा माणूस होता, आणि अशा माणसाने दार आतून लावलं की समजून जावं.

"तुमच्या भाऊजींचे किती झाले?"

"एकोणचाळीस."

"छान आकडा आहे. तिथेच राहू द्या."

"पण साहेब, ते अजून खेळू शकतात. फ्री थ्रो तर संघात त्यांच्याइतके कोणाचेच पडत नाहीत."

"अहो, ते आणखी एक वर्ष खेळले की जन्मभर क्लबच्या गळ्यात." मॅनेजरने पाण्याचा पेला पुढे सरकवला. "थोरले सर यंदा निवृत्त होताहेत. संघ या गटात टिकला, तर त्यांच्या जागी मला कोणीतरी लागेल. बाहेरून माणूस आणायची माझी इच्छा नाही. तुम्ही समजूतदार आहात."

धाकटे सर पाणी प्यायले. त्यांना वाईट वाटलं, यात शंका नाही. घरी जाईपर्यंत वाटलं, जेवताना वाटलं, आडवं पडल्यावरही वाटलं. पण वाईट वाटायला पदरचं काही जात नाही, आणि सकाळी उठल्यावर त्यांनी पुठ्ठ्यावरून खांबाचं नाव खाली, अगदी कडेला नेलं.

पुढचे चार सामने खांब बाकावर बसून राहिला. धाकट्या सरांनी थोरल्या सरांना सांगितलं, "खांबाचा गुडघा पुन्हा सुजलाय, शेवटच्या सामन्यासाठी राखून ठेवू." आणि खांबाला सांगितलं, "म्हातारं सध्या चिडलंय भाऊजी, तुमचं नाव काढलं की अंगावर येतं. जरा दमानं घ्या." दोघंही दोन टोकांना गप्प बसले. दोघांनाही वाटलं, धाकटे सर आपल्यासाठी किती झटताहेत.

चौथ्या सामन्यानंतर ताईचा फोन आला.

"बसवूनच ठेवतील का रे यांना? रोज पहाटे उठून शंभर फ्री थ्रो टाकून येतात. मला काही बोलत नाहीत, पण जेवण उतरत नाही यांना."

"ताई, मी आहे ना," धाकटे सर म्हणाले.

आणि गंमत म्हणजे, तेवढ्यावर तिला झोप लागली.

शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. हरलो तर खालच्या गटात, जिंकलो तर वाचलो, असा सरळ हिशेब. सभागृह गच्च भरलं होतं. ताई आणि भाची बाकाच्या बरोब्बर वर, तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. खांबाने सकाळीच दाढी केली होती, बुटांच्या नाड्या नव्या घातल्या होत्या. एखाद्या शाळकरी मुलासारखा तो गुडघ्यांवर हात ठेवून पाठीवरच्या थापेची वाट बघत बसला.

थाप काही पडेना. चौथ्या भागात सात मिनिटं उरली तेव्हा तो उठून धाकट्या सरांजवळ आला.

"मेहुण्या, एक मिनिट दे. अर्धं दे."

"थांबा भाऊजी. घाई नको."

पाच मिनिटं उरली तेव्हा तो पुन्हा आला. "दहा सेकंद. नुसता उभा राहून येतो."

"दोन गुणांचा खेळ चाललाय, भाऊजी! मला काय हौस आहे तुम्हाला बसवायची?"

तीन मिनिटं उरली तेव्हा तो तिसऱ्यांदा आला. पावणेसात फुटांचा माणूस मान खाली घालून मेहुण्यासमोर उभा राहिला. त्याच वेळी थोरल्या सरांनी मैदानावरची नजर न काढता हात मागे केला. बदली हवी होती. धाकट्या सरांनी भाऊजींकडे बघितलं, आणि दुसऱ्याच एका खेळाडूच्या पाठीवर थाप मारली. खांब मागे जाऊन बसला.

शेवटचे चार सेकंद. आपण एका गुणाने मागे. चेंडू टोळाच्या हातात. टोळ म्हणजे संघातला बावीस वर्षांचा हिरो, उडी मारली की खाली यायचं विसरणारा. त्याने उडी मारली, समोरच्याने हवेतच त्याच्या हातावर फटका हाणला, वेळ संपल्याचा भोंगा वाजला आणि फटका त्याच्या आधी की नंतर यावरून सभागृहात एकच कल्लोळ उडाला. पंचांनी ठरवलं, आधी. दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी आडवं न येता रेषेवरून टाकायचे एकेका गुणाचे दोन चेंडू. पण टोळ मनगट धरून जमिनीवर लोळत होता. नियम असा, की ज्याला मार लागला तो उठू शकत नसेल, तर त्याच्या जागी येणाऱ्या राखीव खेळाडूने फ्री थ्रो टाकायचे.

थोरल्या सरांनी आज पहिल्यांदाच मागे वळून बघितलं. "कोण?"

धाकट्या सरांनी गुणफलकाकडे नजर टाकली. घड्याळ शून्यावर उभं होतं. आता ते चालू होणार नव्हतं. हे दोन चेंडू पडले काय, न पडले काय, सामन्याची वेळ संपली होती. त्यांना एकदम हलकं वाटलं. देव पावला म्हणतात तो असा. संघ वाचणार, खुर्ची मिळणार, आणि आकडा होता तिथेच राहणार. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

ते खांबाजवळ गेले. त्याचे हात थरथरत होते. धाकट्या सरांनी ते हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाले, "जा भाऊजी. तुमचा चाळिसावा."

ही ओळ कोणी मागितली नव्हती. ती त्यांनी पदरची घातली.

खांबाचे हात थांबले. तो उठला तेव्हा सगळं सभागृह उठलं. वेळ संपलेली असल्यामुळे बास्केटखाली कोणीच नव्हतं. बाकीचे नऊ जण लांब उभे आणि हा एकटा. पहिला चेंडू कडीवर नाचला, एकदा, दोनदा, आणि आत पडला. बरोबरी. दुसरा कडीला स्पर्शसुद्धा न करता जाळीतून खाली आला.

मग जे व्हायचं ते झालं. पोरांनी खांबाला उचलायचा प्रयत्न केला, तो उचलला जाईना म्हणून त्याच्यावर चढले. थोरले सर टॉवेलमध्ये तोंड घालून रडले. मॅनेजर खाली येऊन धाकट्या सरांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तुमच्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही." यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

ड्रेसिंग रूमच्या बाहेरच्या बोळात ताई उभी होती. भाचीला तिने पाणी आणायला पाठवलं होतं. या बहीणभावांचे वडील गावोगावच्या स्पर्धांमध्ये घड्याळ लावायला बसत. लहानपणी दोघं भावंडं त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली, बटण कधी दाबायचं, कधी नाही, ते शाळेत जायच्या आधी शिकलेली. करार वाचून दाखवला तेव्हाही ताई तिथेच बसलेली. धाकटे सर हे विसरले होते. त्यांनी सगळ्यांना धरलं होतं हिशेबात, फक्त ताईला नाही.

"यांनी चेंडू टाकले तेव्हा घड्याळ चालू होतं की बंद?" ताईने विचारलं.

"ताई, आत्ता नको. आत जाऊन बघ, किती खूश आहेत ते."

"चालू की बंद?"

"बंद."

"मग चाळिसावा कुठला?"

धाकट्या सरांनी ड्रेसिंग रूमच्या दाराकडे बघितलं.

"शेवटी यांना का पाठवलंस ते मी विचारत नाही. तीन मिनिटं असताना ते तुझ्यासमोर येऊन उभे राहिले होते. मी वरून बघत होते रे. मला वाटलं, माझा भाऊ आहे तिथे." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आत जा आणि सांग त्यांना. मी सांगणार नाही. माझ्या तोंडून त्यांनी ते ऐकायचं नाही."

"ताई, चार दिवसांनी सांगू. आजचा दिवस तरी..."

"जा."

आत नुसता धिंगाणा चालला होता. खांब बाकावर पाय पसरून बसला होता, पायाला बर्फाच्या पिशव्या, डोळे लाल. मेहुण्याला बघताच तो ओरडला, "अरे, हाच तो! यानेच पाठवलं मला! मेहुणा असावा तर असा!"

धाकटे सर त्याच्याशेजारी बसले आणि हळू आवाजात सांगितलं. घड्याळाचं सांगितलं, कलमाचं सांगितलं. मॅनेजरचंही सांगितलं. गाणारे एकेक करून गप्प झाले, कारण खांबाचं तोंड सगळ्यांना दिसत होतं.

खांबाने गुडघ्यावरून सरकलेली बर्फाची पिशवी नीट बसवली.

"तू म्हणालास, चाळिसावा."

"तुमचे हात थरथरत होते, भाऊजी."

"खरं सांगितलं असतंस तर मी मुद्दाम चुकवले असते, असं वाटलं तुला?"

"नाही," धाकटे सर म्हणाले. ते मनापासून म्हणाले, कारण या माणसाला ते बारा वर्षं ओळखत होते. "तुम्ही टाकलेच असते. पोरांसाठी टाकले असते."

"मग खोटं कशाला बोललास?"

रागावून खांबाने एक थोबाडीत दिली असती तर त्यांनी ती आनंदाने खाल्ली असती. खांबाने पिशव्या बाजूला ठेवल्या, बुटांच्या नाड्या सोडल्या, आणि बाक धरून सावकाश उभा राहिला. कोणीतरी हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

ताईशी लग्न झाल्यापासून आजपर्यंत तो या माणसाला मेहुण्या म्हणत आला होता, चारचौघांतही अरे-तुरे करत आला होता. आता तो त्यांच्याकडे बघून म्हणाला, "येतो, सर. घर कधीपर्यंत रिकामं करायचं ते तुम्ही कळवालच."

आणि त्यांनी कळवलंही. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांच्या सहीने गेलेलं पहिलं पत्र तेच होतं.