माझ्यावर कोण बसलं?

मित्रांनो, आधी बसा. मी बाक आहे. पाहुण्याला यापेक्षा जास्त काही देणं मला जमत नाही.

मी सागवानी आहे. हे गर्वाने नाही, वजनाने सांगतो. मला हलवायला चार माणसं लागतात आणि सूचना द्यायला पाचवा. माझा जन्म पुण्यातल्या एका सुताराच्या दुकानात झाला. त्या सुताराने, सीतारामने, चर्च आतून कधीच पाहिलं नव्हतं. चर्चसाठी बाक हवेत म्हटल्यावर त्याने फादरना विचारलं, "माणसं किती वेळ बसत्यात?"

"तासभर."

"आणि बोलतं कोण?"

"मीच."

सीतारामने क्षणभर विचार केला आणि माझी पाठ जरा जास्तच सरळ केली. माझ्यावर बसून आजवर कोणालाही झोप लागलेली नाही.

चर्चमध्ये मी सत्तावीस वर्षं काढली. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी तिथे एक विधी असे. येशूने शिष्यांचे धुळीने भरलेले पाय धुतले, त्याची आठवण म्हणून फादर बारा जणांचे पाय धूत. त्यातले सहा जण माझ्यावर बसत. हे सहाही जण घरूनच पाय घासून, नखं कापून, वर पावडर लावून येत. फादरना धुवायला काही शिल्लकच नसे. तरी तेही मन लावून धूत. पण एक मात्र सांगितलं पाहिजे. त्या चर्चमध्ये जो येई तो बसे. साहेब बसे, त्याच फळीवर त्याचा ड्रायव्हरही बसे. मधे हातभर जागा सोडून, पण बसे.

मग तिथे फोमच्या गाद्यांचे बाक आले आणि मी निवृत्त झालो. टेम्पोत घालून मला धायरीकडच्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेत पाठवण्यात आलं. स्वारगेटच्या चौकात आम्ही इतका वेळ उभे होतो, की टेम्पोवाला मागे येऊन माझ्यावरच आडवा झाला.

शाळेत माझी जागा मुख्याध्यापिकेच्या ऑफिसबाहेर, व्हरांड्यात. मुख्याध्यापिका म्हणजे सिस्टर फिलोमिना. उंच, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या. प्रवेशाच्या दिवसांत माझ्यावर बसून पालकांनी जेवढी प्रार्थना केली, तेवढी मी सत्तावीस वर्षांत चर्चमध्येही ऐकली नव्हती.

पहिल्याच आठवड्यात दुर्गाबाई माझ्यावर बसल्या. दुर्गाबाई शाळेच्या मावशी; झाडलोट, फरशी आणि मुलांची स्वच्छतागृहं त्यांच्याकडे. दुपारी डबा घेऊन त्या माझ्या एका टोकाला टेकल्या. एवढ्यात एक देणगीदार गृहस्थ आले. माझ्यावर आणखी पाच माणसांची जागा होती. ते बसले नाहीत, वीस मिनिटं उभे राहिले आणि ऑफिसात जाऊन म्हणाले, "तुमच्याकडे बसायची सोय नाही."

दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यावर भिंतीत पाटी लागली. चौकटीत, काचेखाली, चार स्क्रूंनी पक्की बसवलेली. 'हा बाक अभ्यागतांसाठी आहे. सफाई कर्मचाऱ्यांनी बसू नये.' खाली सही आणि शिक्का. पाटी लावणारे हेडक्लार्क जयसिंगराव. शाळेत कुठलीही अडचण आली की ते तिच्यावर पाटी लावत. नळ गळत होता, तर 'नळ गळतो' अशी पाटी लावून त्यांनी तो प्रश्न मिटवला होता.

दुर्गाबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी पाटी वाचली आणि डबा उचलला. त्यानंतर त्या, कांताबाई आणि हिरा, तिघी मावशी फिनेलच्या खोलीत उलट्या बादल्यांवर बसून जेवू लागल्या. मला मात्र दुर्गाबाई सकाळ-संध्याकाळ पुसत. पाटीची काचही पुसत. अकरा वर्षं. हल्ली मला पुसताना त्या गुडघ्यावर हात ठेवून थांबत आणि "आई गं" म्हणत. मित्रांनो, बसवणं हा ज्याचा धंदा, त्याला हे ऐकून काय वाटत असेल? पण बाकाला कोण विचारतं!

विचारलं ते चौथी 'ब'ने. या वर्षी त्यांच्या तनुजा टीचरनी गणितात स्तंभालेख शिकवला आणि सांगितलं, "शाळेतली एखादी गोष्ट निवडा, आठवडाभर मोजा आणि चार्ट करा." कोणी झाडं मोजली, कोणी रिक्षा. आम्रपाली नावाच्या मुलीने मला निवडलं. कारण तिनेच मैत्रिणीला सांगितलं, "तिथं बसलं की कोणाला ओरडा पडतो ते पण कळतं."

आठवडाभर ती समोरच्या जिन्यावर वही घेऊन बसली. माझ्यापाशी जो जो येई, त्याचं नाव ती लिही आणि बसला की खूण करी. चौथ्या दिवशी ती वर्गात धावत गेली. "टीचर, बिस्किटला कॉलम द्यायचा का?"

बिस्किट हा शाळेच्या आवारातला कुत्रा.

"तो बसतो?"

"रोज. कधी कधी दोनदा."

"मग द्यायचा. जे दिसलं ते लिहायचं."

"आणि टीचर, दुर्गामावशी सगळ्यात जास्त वेळा येतात, पण बसतच नाहीत. शून्याचा स्तंभ कसा काढायचा?"

तनुजा टीचरनी वही जवळ घेतली. "खाली नाव लिही," त्या म्हणाल्या. "वर जागा मोकळी सोड."

शनिवारी शाळेचं प्रदर्शन होतं. विषय सिस्टरनीच दिलेला: 'आपली शाळा, एक कुटुंब'. आम्रपालीचा चार्ट माझ्या समोरच्या भिंतीवर लागला. वर ठळक अक्षरांत 'बाकावर कोण बसलं?' आणि खाली रंगीत स्तंभ. पालक चौतीस. बिस्किट सात. जयसिंगराव सहा. पाहुणे पाच. टीचर तीन. शेवटी 'दुर्गामावशी' हे नाव, आणि त्यावर कोरा कागद.

प्रथम जयसिंगरावांनी पाहिला. "ए बाळ, हा कुत्रा खोड."

"का काका?"

"माझ्या वर गेलाय तो."

"पण तो तुमच्यापेक्षा एकदा जास्त बसला."

"शाळेची अब्रू जाते. कुत्रा काढ."

"आणि मावशींचा शून्य?"

"तो राहू दे. शून्याकडे कोण बघतंय?"

सगळे शून्याकडेच बघत होते. हिंजवडीच्या कंपनीचं ओळखपत्र गळ्यात विसरून आलेल्या एका आईने मोठ्याने विचारलं, "अहो, इथे कुत्र्याला बसता येतं आणि मावशींना नाही?" तिने माझ्या डोक्यावरची पाटी वाचली, फोटो काढला आणि पाचव्या मिनिटाला तो पालकांच्या सगळ्या ग्रुपवर होता. गृहपाठ विचारल्यावर जे ग्रुप गप्प असतात, ते एकदम बोलू लागले.

गर्दी पाहून सिस्टर फिलोमिना बाहेर आल्या. त्यांनी चार्ट खालून वर वाचला, वरून खाली वाचला. मोकळ्या जागेपाशी त्यांची नजर थांबली. दुर्गाबाई तिथेच पोछा घेऊन उभ्या होत्या.

जयसिंगरावांना तोडगा सुचला. "सिस्टर, मावशींचा सत्कार करू. शाल, श्रीफळ. बाकावर बसवून एक फोटो. विषय संपला."

"मावशी, बसता?" सिस्टरनी विचारलं.

"फोटोपुरती न्हाई बसायची," दुर्गाबाई म्हणाल्या.

त्यांनी पोछा फरशीवर उभा केला.

"नारळ घेऊन काय करू? गुडघे दुखत्यात माझे. आम्ही तिघी बादलीवर बसून जेवतो, भाकरीला फिनेलचा वास येतो. दुपारी अर्धा तास हितं बसू द्या. रोज. आन् तिघींना."

जयसिंगराव जवळ सरकले, आवाज खाली घेतला. "मावशी, जपून बोला. तुम्ही ठेकेदाराचं माणूस. एक फोन केला तर सोमवारी दुसरी बाई येईल."

मला ते ऐकू गेलं. दुर्गाबाईंनाही गेलं. धायरीत त्यांच्या घरची चूल याच नोकरीवर चालत होती. आता त्या 'राहू द्या' म्हणतील, असं मला वाटलं. इतकी माणसं माझ्यावर बसून गेली. 'राहू द्या' तोंडावर कसं येतं ते मला लांबून ओळखता येतं.

"येऊ द्या दुसरी," दुर्गाबाई मोठ्याने म्हणाल्या. "तिलाबी गुडघे असत्यालच की."

कोणीतरी हसलं. मग सगळेच. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. "जयसिंगराव, ही पाटी कोणाच्या परवानगीने लावली?"

"सिस्टर," जयसिंगराव अतिशय आदराने म्हणाले, "आपलीच सही आहे."

मित्रांनो, यात गंमत अशी, की सिस्टरच्या ऑफिसचं दार बाहेर उघडतं आणि उघडलं की माझ्या टोकाला अडून उभं राहतं; पाटी बरोबर त्याच्याआड जाते. अकरा वर्षं सिस्टर दार उघडून बाहेर येत होत्या आणि स्वतःचाच हुकूम झाकत होत्या. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, दार लोटलं आणि पाटी वाचली. सही त्यांचीच होती. जयसिंगरावांनी सह्यांसाठी ठेवलेल्या गठ्ठ्यातून कधीतरी गेलेली.

दुसरं कोणी असतं तर समिती नेमली असती. सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी न वाचता सही केली. दरवर्षी मुलांना येशूने पाय धुतल्याची गोष्ट सांगते, आणि माझ्याच दाराबाहेर हे. दुर्गाबाई, मला क्षमा करा. रोज अर्धा तास, तिघींना, हा बाक तुमचा. आणि ठेकेदाराला पत्र आज जाईल: या तिघींपैकी एकीलाही बदलायचं तर आधी मला भेटायचं. ते पत्र मी वाचून सही करणार आहे."

मग त्या पाटी काढायला गेल्या. स्क्रू गंजलेले. सिस्टरचं नख तुटलं. जयसिंगराव म्हणाले, "सोमवारी सुताराला बोलावू."

"व्हा बाजूला," दुर्गाबाई म्हणाल्या. डब्यातला चमचा आणून त्याची दांडी त्यांनी स्क्रूत घातली. पहिला निघाला. मुलं ओरडली, "एक!" दुसरा निघाला. "दोन!" तिसरा अडला. सगळी चौथी 'ब' श्वास रोखून उभी. दुर्गाबाईंनी पदर खोचला आणि असा जोर लावला, की चमचा वाकला आणि स्क्रू बाहेर आला. चौथ्याची वाट न बघता पाटी स्वतःच तिरकी होऊन लोंबकळली. तो जल्लोष रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल.

"आता बसा मावशी!" आम्रपाली ओरडली.

दुर्गाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "अकरा वाजल्यात. माझा जिना राहिलाय. साडेबाराला बसते."

आणि गेल्या! सगळी शाळा दीड तास ताटकळत राहिली. प्रदर्शनातलं बाकी काही कोणी पाहिलं नाही. बिस्किट माझ्याकडे निघाला होता, त्याला पहिलीच्या मुलांनी समजावून परत पाठवलं.

साडेबाराला दुर्गाबाई आल्या. मागे कांताबाई आणि हिरा. हात धुतलेले, डबे हातात. तिघी बसल्या. टोकाला नाही, मधोमध. टाळ्या सुरू झाल्या तशा दुर्गाबाई म्हणाल्या, "जेवताना काय बघताय? आपापले डबे खावा की!"

शंभर डबे एकदम उघडले.

जयसिंगराव खांबापाशी फाइल धरून उभे होते. दुर्गाबाईंनी जरा सरकून जागा केली. "बसा की अहो. पाय दुखतील." ते बसले. त्यांना ठेचा मिळाला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ठेच्याचं होतं, असं ते आजही सांगतात.

मित्रांनो, माझ्यावर कितीतरी वजनदार माणसं बसली. पण अकरा वर्षं उभं असलेलं माणूस जेव्हा पाठ टेकून "हुश्श" म्हणतं, त्या वजनाने बाकाचे पाय वाकत नाहीत, ताठ होतात.

आता एवढंच मागणं. तुमच्या शाळेत, ऑफिसात, सोसायटीच्या फाटकाशी माझे भाऊबंद असतील. त्यांच्यावर नावं कोरू नका, हे तर आहेच. पण जो त्यांना रोज पुसतो, त्याला एकदा विचारा, "तुम्ही यावर शेवटचं कधी बसला होता?" उत्तर यायला वेळ लागला, तर तिथे पाटी लावू नका. आधी तुम्ही उठा.